सरासरी पंधरा, वही मात्र तेरा सांगते

साताऱ्यातील शाहूपुरीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र मोठे असल्याने त्यातील मुख्य भाग तेवढा देतो.

‘मी हायस्कूलमध्ये इतिहास आणि मराठी शिकवत होतो. २०१९ मध्ये बाराशे सीसीची लहान पेट्रोल गाडी घेतली, तेव्हा ॲव्हरेज एकवीसच्या पुढे सांगितले होते. महिन्याला साधारण चारशे किलोमीटर गावातच होतात. भाजीसाठी राजवाडा, नातवाचा क्लास, आणि आठवड्यातून तीनदा पत्नीच्या फिजिओथेरपीसाठी पोवई नाका; तिचे होईपर्यंत अर्धा तास मी गाडीत एसी लावून वर्तमानपत्र वाचतो. महिन्यातून एकदा मुलीकडे पुण्याला जाऊन येतो, ते दोनशे चाळीस किलोमीटर. गेल्या महिन्यात नातवाने टाकी फुल करून मोजले, तेव्हा गावात ११ आणि पुण्याच्या फेरीत १९ पडले, म्हणजे सरासरी १५. परंतु माझ्या खर्चाच्या वहीप्रमाणे त्याच महिन्यात ६४० किलोमीटरला ४९ लिटर पेट्रोल गेले, म्हणजे ॲव्हरेज १३. मधले पेट्रोल कुठे गेले? गाडीतील पडदा तर १४.२ दाखवतो. शेजारी म्हणतात, पंपावर मापात मारतात. जावई पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला दोष देतात. गॅरेजवाले इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून टाकीत औषध घालू म्हणतात, भाचा सीएनजी बसवा म्हणतो, आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करावी असाही सल्ला मिळाला आहे. कोणाचे ऐकावे?’

सर, सप्रेम नमस्कार.

प्रथम पंपवाल्याला संशयातून मोकळे करतो, कारण आपले मधले पेट्रोल पंपावर हरवलेले नसून भागाकारात हरवलेले आहे. गावातील चारशे किलोमीटरला अकराने भागले की ३६.४ लिटर येतात आणि पुण्याच्या दोनशे चाळीस किलोमीटरला एकोणीसने भागले की १२.६ लिटर येतात; दोहोंची बेरीज बरोबर ४९ लिटर होते. म्हणजे नातवाचे दोन्ही आकडे खरे आहेत आणि आपली वहीही खरी आहे. चूक झाली ती ११ आणि १९ यांची बेरीज करून तिला दोनाने भागण्यात. ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमागे पडणारे किलोमीटर, आणि गावात आपण पुण्याच्या फेरीच्या जवळजवळ तिप्पट लिटर जाळता. तेव्हा गावच्या अकराचे वजन तिप्पट धरायला हवे. दोन्हीकडचे अंतर अगदी सारखे असते तरीही पंधरा आले नसते, चौदाच्या आतच राहिले असते. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, एवढा एकच भागाकार खरा.

शेजाऱ्यांचा आरोप खरा मानायचा, तर पाच लिटर पेट्रोलमागे सहाशे मिलीलिटरहून अधिक तूट यायला हवी. एवढी तूट पाच लिटरच्या मापात डोळ्यांना दिसते. वैधमापन विभागाने मुद्रांकित केलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर ठेवावे लागते, ग्राहकाने मागितल्यास त्यातून पेट्रोल मोजून दाखवावे लागते, आणि पाच लिटरमागे पंचवीस मिलीलिटरपर्यंतचाच फरक चालवून घेतला जातो. शंका राहिलीच असेल, तर गर्दी नसलेल्या वेळी जाऊन शांतपणे माप मागावे. तो आपला हक्क आहे. पेट्रोल सोडण्यापूर्वी पंपाच्या मीटरवर शून्य पाहणे तर कोणत्याही पंपावर करावेच.

आता मूळ विषयाकडे येतो. किलोमीटर प्रति लिटर हे माप आपल्याकडे रूढ असले, तरी खर्च कमी करायला निघालेल्या माणसाला ते थोडे फसवते. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागले, असे मोजतात. त्या हिशेबाने आपल्या गाडीला गावात ९.१ लिटर लागतात आणि पुण्याच्या रस्त्यावर ५.३. असे मांडले की कुठे लक्ष घालायचे, ते लगेच कळते. समजा, गावचे ॲव्हरेज अकरावरून साडेबारावर गेले, तर महिन्याला ४.४ लिटर वाचतील. तीच दीड किलोमीटरची सुधारणा पुण्याच्या फेरीत झाली, एकोणीसचे साडेवीस झाले, तर पुरता एक लिटरही वाचणार नाही. बहुतेक लोक नेमके उलट करतात. हायवेवर काट्याकडे पाहत, जीव मुठीत धरून ॲव्हरेज काढतात आणि घरी आल्यावर पावशेर कोथिंबिरीसाठी गाडी बाहेर काढतात.

गावातील ३६ लिटरांचे एक मोठे भोक आपण स्वतःच पत्रात ओझरते सांगून गेला आहात. पोवई नाक्यावर आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, आपण गाडी चालू ठेवून एसीत बसता. बाराशे सीसीचे इंजिन जागेवर नुसते चालू राहिले, तरी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. एसीचा कॉम्प्रेसर जोडला की हा आकडा पाऊण ते एक लिटरपर्यंत जातो. महिन्याचे असे साडेसहा तास होतात. म्हणजे कमीत कमी पाचेक लिटर पेट्रोल एकही किलोमीटर न जाता संपते, आणि ते सगळे गावच्या ॲव्हरेजच्या खात्यात जमा होते. हे पाच लिटर वगळून पाहिले, तर आपली गाडी गावात अकरा नव्हे, पावणेतेराच्या आसपास देते. बाराशे सीसीच्या पेट्रोल गाडीने चढउताराच्या गावात, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांवर एवढे द्यावे, हे काही वाईट नाही. गाडीत दोष आहे असे मानायला मला येथे आधार दिसत नाही.

उन्हाळ्यात बंद गाडीत बसणे त्रासाचे असते, हे मी जाणतो. त्यामुळे एसी बंद करून घामाघूम होत बसावे, असे सांगणार नाही. परंतु उपचार केंद्रात बसायला जागा असेल तर तिथे बसावे, नसेल तर सावलीत गाडी लावून काचा खाली कराव्यात आणि इंजिन बंद ठेवावे. साताऱ्याची हवा वर्षातील बरेच महिने त्याला अनुकूल असते. एप्रिल-मे महिन्यांत अगदीच असह्य झाले तर एसी लावावा, फक्त त्याची नोंद वहीत करावी, म्हणजे त्या महिन्याचा आकडा खाली आल्यावर पुन्हा पंपवाल्यावर संशय येणार नाही.

दुसरे भोक थंड इंजिनाचे आहे. रात्रभर किंवा तीन-चार तास उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू होते, तेव्हा त्याला हवेच्या प्रमाणात अधिक पेट्रोल द्यावे लागते, कारण थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ऑइल घट्ट असल्याने इंजिनाच्या आतील घर्षणही जास्त असते, आणि धुराड्यातील, धूर शुद्ध करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिनाचे फेरेही काही काळ मुद्दाम वाढवलेले असतात. पाणी तापायला तीन-चार किलोमीटर लागतात, ऑइल पुरते तापायला त्याहून अधिक. ज्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड असेपर्यंत निळा दिवा लागतो. तो कुठे विझतो, ते एकदा पाहावे. शाहूपुरीहून राजवाड्यापर्यंत पोहोचेतोवर तो जेमतेम विझत असेल, आणि तेवढ्यात आपण गाडी बंद करत असाल. त्यातच सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेले असल्यामुळे थंड इंजिनाच्या नशिबी पुष्कळदा चढच येतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे फेऱ्या एकत्र करणे. फिजिओथेरपीच्या दिवशीच येताना राजवाड्याची भाजी घ्यावी, क्लासची वेळ जुळत असेल तर त्याच फेरीत नातवाला सोडावे. सकाळी एक, दुपारी एक आणि संध्याकाळी एक अशा तीन थंड फेऱ्यांपेक्षा एक लांब फेरी कितीतरी स्वस्त पडते, कारण मधल्या थांब्यांवर इंजिन कोमट राहते. या पद्धतीने गावातील चारशे किलोमीटरचे तीनशे वीस झाले आणि उभ्या गाडीतील एसी थांबला, तर ३६ लिटरांचे सुमारे २५ लिटर होतील. पेट्रोल हिशेबासाठी १०५ रुपये धरले, तर महिन्याला साडेअकराशे रुपये वाचले. गंमत अशी, की अंतर कमी केल्याने वाचलेले पेट्रोल ॲव्हरेजच्या आकड्यात दिसतच नाही. ते फक्त लिटरच्या रकान्यात दिसते. म्हणून वहीत ठळक अक्षरांत महिन्याचे लिटर लिहावेत आणि ॲव्हरेज त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत.

सकाळी गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे जागेवर तापत ठेवण्याची जुनी सवय असेल, तर तीही सोडावी. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना तिची गरज होती, इंजेक्शनच्या गाड्यांना नाही. अर्धा मिनिट थांबून निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवावा. चालत्या गाडीचे इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते.

आपण वही ठेवता, ही या प्रकरणातील सर्वांत चांगली गोष्ट आहे, परंतु ती रुपयांची वही आहे. तिच्यात तारीख, गाडीच्या मीटरवरील किलोमीटर, भरलेले लिटर, रुपये, टाकी फुल की अर्धवट, आणि शेरा असे रकाने करावेत. मोजणीची सुरुवात नेहमी फुल टाकीने व्हावी आणि शेवटही फुल टाकीने. मधे हजार-पाचशेचे पेट्रोल टाकले तरी बिघडत नाही, फक्त ते लिटर बेरजेत धरले पाहिजेत. काटा पुन्हा अर्ध्यावर आला म्हणून हिशेब करणे मात्र व्यर्थ आहे, कारण काट्याची चाल टाकीच्या आकारावर, गाडी उभी असलेल्या उतारावर आणि आतील तरफेवर अवलंबून असते.

फुल म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंत. त्यानंतर ‘साहेब, राउंड फिगर करू का’ असे विचारून पुढे घातलेले पेट्रोल नको. एक तर त्याने मोजणी बिघडते, आणि दुसरे म्हणजे पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा त्या जादा पेट्रोलने भिजून खराब होऊ शकतो. शक्यतो एकच पंप, तीच मशीन आणि गाडी उभी करण्याची तीच बाजू ठेवावी. एवढे करूनही नोझल अर्धा लिटर अलीकडे-पलीकडे बंद होतेच. दहा लिटर भरताना अर्ध्या लिटरचा फरक पाच टक्के होतो, तीस लिटर भरताना तो दोन टक्क्यांच्या आत येतो. म्हणून टाकी बरीच खाली आल्यावरच फुल करावी आणि एका टाकीवरून निकाल देऊ नये. तीन-चार टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घेतले की आकडा स्थिर होतो. पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते, या समजुतीसाठी झोपमोड करू नये. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि त्यांतील पेट्रोलचे तापमान दिवसभरात फारसे हलत नाही.

मीटरही एकदा तपासून घ्यावे. हायवेवर वीस-पंचवीस किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाइलमधील नकाशाच्या अंतराशी ताडून पाहिले की पुरे. टायर झिजले की त्यांचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच रस्त्याला मीटर थोडे जास्त किलोमीटर दाखवते. हा फरक एक-दोन टक्क्यांचा असतो.

पडद्यावरच्या १४.२ चे गूढ मोठे नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला, यावरून गाडी पेट्रोलचा अंदाज बांधते, प्रत्यक्ष लिटर मोजत नाही, आणि हा अंदाज पुष्कळ गाड्यांत गाडीच्या बाजूने झुकलेला असतो. आपल्या वहीपेक्षा तो आठ-नऊ टक्क्यांनी जास्त आहे, यात विशेष काही नाही. आजच्यापेक्षा उद्या बरे की वाईट, एवढे पाहायला पडदा चांगला. खरा आकडा वहीचाच.

कंपनीने सांगितलेले एकवीस हे खोटे नाही, पण ते आपल्या रस्त्याचेही नाही. पुण्यातील एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडीची चाके रोलरवर फिरवून ही चाचणी होते. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत आणि कमी करत गाडी सुमारे वीस मिनिटांत साडेदहा किलोमीटर चालवली जाते, वेग नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद असतो, आणि तिथे चढ नसतो, खड्डे नसतात, पुढे उसाची ट्रॉलीही नसते. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, आपल्या गाडीला गुण द्यायला नाही. पुण्याच्या फेरीत एकोणीस मिळतात, हेच आपली गाडी ठणठणीत असल्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे प्रमाण आहे.

जावईबापूंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के, आणि पूर्वीच्या दहा टक्के मिश्रणापेक्षा तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० सालचे होते, ते अलीकडे ओढून २०२५ वर आणले गेले, आणि आपली गाडी त्याआधीच्या काळात बनलेली आहे. तरीही दहाचे वीस टक्के झाल्याने पडणारा फरक आपल्या तेरावर अर्ध्या किलोमीटरच्या आत बसतो; पंधराचे तेरा त्याने होत नाहीत. गाडी २०१९ ची असल्याने पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील यांना चिरा किंवा ओल दिसते का, हे मात्र आवर्जून पाहायला सांगावे. बाकी, गळिताच्या हंगामात ज्या उसाच्या ट्रॉलीमागे आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पेट्रोल जाळतो, त्याच उसाचे इथेनॉल पुढे आपल्या टाकीत येते, हा आपल्या जिल्ह्यापुरता एक विनोदच म्हणायचा.

घाटात न्यूट्रल करण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांचे अजिबात ऐकू नये. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात. फेरे आयडलच्या जवळ येईपर्यंत एक थेंबही जात नाही. न्यूट्रल केले की इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवण्यासाठी पुन्हा पेट्रोल लागते. म्हणजे ज्या बचतीसाठी हे करायचे ती होतच नाही, उलट इंजिनाचा ब्रेक सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर खंडाळ्याकडचा जो वळणांचा उतार लागतो, तिथे तापलेले ब्रेक घेऊन उतरणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातील माणसाला सांगायला नको. पसरणीचा घाट उतरतानाही तेच. आणि कोणी इंजिनच बंद करून उतरा म्हणाले, तर ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगचा आधार दोन्ही जातात, हे लक्षात ठेवावे. ज्या गिअरवर चढलो असतो, त्याच्या आसपासच्या गिअरवर उतरावे, हा नियम सुरक्षिततेचा आहे आणि योगायोगाने बचतीचाही आहे.

घाट चढण्याचा खर्च किती, हेही सांगतो, म्हणजे पाहुण्यांना कासला नेल्यावर आकडा पाहून दचकायला होणार नाही. साताऱ्यापासून कासचे पठार साधारण पाचशे मीटर उंच आहे. माणसांसह अकराशे किलोची गाडी तेवढी वर उचलण्यासाठीच, इंजिनाची कार्यक्षमता धरून, सुमारे दोन तृतीयांश लिटर पेट्रोल जास्तीचे लागते. पंचवीस किलोमीटर चालण्याचा खर्च वेगळा. परतताना यवतेश्वरच्या उतारावर त्यातील काही भाग परत मिळतो, कारण तिथे बराच वेळ पेट्रोल बंदच असते. म्हणून घाटातले ॲव्हरेज नेहमी जाऊन-येऊन मोजावे, नुसते चढाचे सांगून गाडीला नावे ठेवू नयेत.

हायवेवर वेगाचे भान ठेवले की पुरे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेले की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि शंभर किलोमीटरच्या पल्ल्यात वाचतात ती फार तर पंधरा मिनिटे. ऐंशीच्या आसपास, वरच्या गिअरमध्ये, पुढचा ट्रक पाहून आधीच पाय सैल करत चालवावे. त्या वेगाला काचा उघड्या टाकण्यापेक्षा एसी लावलेला बरा. गावातल्या वेगाला मात्र उघड्या काचा स्वस्त. गावात साधारण दोन हजार फेऱ्यांच्या आसपास वरचा गिअर टाकावा, आणि चढावर गाडी क्लचवर धरून ठेवण्याऐवजी हँडब्रेक लावावा, त्याने क्लच प्लेटही वाचते.

टायरमधील हवेकडे आपण पत्रात लक्ष दिलेले नाही. ती महिन्याला आपोआप थोडी कमी होत असते, आणि थंडी पडली की आणखी उतरते. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि गाडी ओढायला जड जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर जो आकडा असतो, तेवढी हवा पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना भरावी. सर्वच हवेवाल्यांचे गेज बरोबर असते असे नाही. काही शे रुपयांत मिळणारे स्वतःचे गेज डिकीत ठेवावे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही.

राहिला गॅरेजचा सल्ला. पुण्याला एकोणीस देणाऱ्या गाडीचे इंजेक्टर तुंबलेले असण्याची शक्यता मला कमी वाटते, आणि टाकीत घालायच्या औषधांनी निरोगी इंजिनाचे ॲव्हरेज वाढत नाही. त्याऐवजी गॅरेजवाल्यांना दोन-तीन नेमक्या गोष्टी पाहायला सांगाव्यात. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच ऑइल घातले आहे का; पातळ ऑइलच्या इंजिनात स्वस्त म्हणून वीस-पन्नासचे घट्ट ऑइल घातले, की थंड फेऱ्यांत त्याचा फटका बसतो. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने ढकलली असता सहज सरकते का, की एखादा ब्रेक चिकटून राहतो. निळा दिवा पाच-सहा किलोमीटरनंतरही विझत नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला आहे का. तसे असेल तर इंजिन कायम थंड समजून जास्त पेट्रोल घेत राहते. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग ठरलेल्या किलोमीटरला बदलावेत, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

सीएनजीचा विचार आपल्या वापराला पटत नाही. महिन्याला साडेसहाशे किलोमीटरवर किटचा खर्च वसूल व्हायला फार काळ लागेल, डिकी सिलिंडरने भरेल, आरटीओत नोंद करावी लागेल आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागेल. मुख्य म्हणजे बाहेरून बसवलेल्या बहुतेक किटवर गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावरच गॅसवर जाते. आपल्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती बराचसा रस्ता पेट्रोलवरच चालेल. भाच्याची स्वतःची गाडी रोज पन्नास-साठ किलोमीटर धावत असेल, तर त्याच्यासाठी तो सल्ला योग्य आहे.

पुढचे तीन महिने वही नव्या रकान्यांनी भरावी, पोवई नाक्यावर इंजिन बंद ठेवावे आणि गाडीत दुसरे काहीही बदलू नये, औषध नको की किट नको. एवढे करूनही गावचा आकडा बाराच्या खाली राहिला, तर वहीच्या त्या पानांची प्रत आणि निळा दिवा कितव्या किलोमीटरला विझतो ते कळवावे. त्यानंतर थर्मोस्टॅट आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजून पेट्रोलचे प्रमाण ठरवायला मदत करणारा भाग) यांच्या तपासणीकडे वळता येईल.